घ्राणेंद्रियाची अप्रतिष्ठा

माणसाचें नाक दुर्बळ आणि पशूंचें तीक्ष्ण, असें आपण लहानपणीं शिकलों. मीही विद्यार्थ्यांना तेंच सांगत आलों. परंतु हा निकाल कोणीं दिला व कोणत्या पुराव्यावर दिला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

वाणीचें स्थान मेंदूंत दाखवून देणारे पॅरिसचे पॉल ब्रोका यांनीं १८७८-७९ च्या सुमारास सस्तन प्राण्यांचे घ्राणप्रधान व घ्राणगौण असे दोन वर्ग पाडिले, आणि माणसास वानर व देवमासे यांच्यासह दुसऱ्या वर्गांत बसविलें. हें ठरवितांना त्यांनीं कोणाच्याही नाकाची परीक्षा घेतली नव्हती. माणसाच्या मेंदूचा पुढील भाग मोठा आणि घ्राणकंद त्या मानानें लहान, एवढाच आधार. वासाच्या ओढीनें चालतो तो पशु आणि विवेकानें चालतो तो मनुष्य, ही समजूत या वर्गीकरणाच्या मुळाशीं होती. पुढें १९३० सालीं फ्रॉइड यांनींही मनुष्य दोन पायांवर उभा राहिल्यानें घ्राणाचें महत्त्व ओसरलें असें प्रतिपादिलें.

१९९१ सालीं न्यू यॉर्क येथें लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनीं उंदराच्या नाकांतील गंधग्राहकांच्या जनुकांचें विस्तीर्ण कुल शोधून काढिलें. त्याबद्दल त्यांस २००४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. उंदरांत अशीं कार्यक्षम जनुकें सुमारें १,००० आहेत, तर माणसांत सुमारें ४००. बाकीचीं निकामी झालेलीं. मग ब्रोकांचेंच खरें ठरलें काय? तसें नव्हे. एक गंध अनेक ग्राहकांना जागवितो व एक ग्राहक अनेक गंधांना ओळखतो. सात स्वरांतून शेंकडों राग निघतात, तसाच हा प्रकार. कांहीं गंध तर माणसास पशूंहूनही लवकर कळतात. २०१७ सालीं अमेरिकेंतील जॉन मॅकगॅन यांनीं या साऱ्या पुराव्याचा परामर्श घेऊन जुना निकाल ही एकोणिसाव्या शतकाची दंतकथा होय असें दाखविलें.

या दंतकथेची झळ कोणास लागली? डोळे गेलेल्याची कींव सर्वांस येते. वास गेलेल्याची तक्रार मात्र क्षुल्लक मानली जाई. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत असंख्य लोकांचा वास गेला. फोडणी करपली तरी कळेना, जेवणाची गोडी हरपली, तेव्हां कोठें आपणांस या इंद्रियाची किंमत समजली. एका विद्वानानें न तपासतां दिलेला निर्णय सव्वाशें वर्षांहून अधिक काळ टिकला, याचें कारण तो आपल्या अभिमानास सोयीचा होता. अध्यापकांनीं तरी एवढें ध्यानांत ठेवावें.