या असान्तेवा
* असान्ते राज्यातल्या (आजचा घाना) एजिसूची राजमाता. इंग्रज गव्हर्नर हॉजसन याने असान्ते लोकांचे पवित्र सुवर्णासनच मागितले, तेव्हा १९०० च्या उठावाचे नेतृत्व हिने केले. लेखक तिच्या शौर्याचे पोवाडे गातो, पण वयाबद्दल चकार शब्द काढत नाही. ती साठीच्या आसपास होती, आणि खरी मेख तिथेच आहे. पाळी येणाऱ्या स्त्रीला पूर्वजांची आसने ठेवलेल्या खोलीत पाऊल टाकता येत नसे. तिच्या विटाळाने योद्ध्यांच्या ताईत-गंड्यांचा गुण जातो, या समजुतीपायी रणातही मज्जाव. पाळी गेली की आडकाठी सरे. नवा राजा सुचवण्याचा राजमातेचा हक्क मात्र याहून वेगळा, तो जुनाच. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी तिला सेशेल्स बेटांवर धाडले. तिथेच १९२१ मध्ये ती वारली. — संपा.