असोद्याची बोली



जळगाव शहरालगत असोदा नावाचे गाव आहे. परगावचा पाहुणा तेथे उतरला, की कोणी अनोळखी मनुष्य त्यास ‘काय भो, कुठी चालला?’ असे पुसतो. पुण्याकडील गृहस्थास हा एकेरी प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. वस्तुतः ‘भो’ म्हणजे भाऊ, आणि एकेरी हाक ही येथे आपलेपणाची खूण होय. ‘जेवाले चाल’ असे कोणी म्हटले, तर निःशंक जावे. भरीत आणि कळण्याची भाकरी पुढ्यात येईल.

या लेवा बोलीचे नियम थोडे आहेत. ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा तो डोया, शाळा ती शाया. ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून पाणी ते पानी. ‘मला’च्या जागी ‘मले’ येते. पश्चिमेकडे धुळ्याच्या बाजूस गेल्यास अहिराणी भेटते. तेथे ‘आहे’ऐवजी ‘शे’ ऐकू येते.

गुजरात, माळवा आणि वऱ्हाड यांच्या मध्ये वसलेल्या खानदेशावर फारुकी सुलतानांनी राज्य केले. १६०१ साली तो अकबराकडे आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. इतक्या शेजाऱ्यांचे शब्द कानी पडल्यावर बोली निराळी होणारच. ग्रिअर्सनने तर १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषा-पाहणीच्या खंडात खानदेशीस मराठीऐवजी भिल्ली बोलींच्या पंक्तीस बसविले.

मी आयुष्यभर शिक्षकी केली. एकदा वर्गात एक मुलगा ‘डोया’ म्हणाला. मी त्यास उभे करून तो शब्द दहा वेळा शुद्ध म्हणवून घेतला. त्याच आठवड्यात बहिणाबाई चौधरींची कविता शिकविताना तोच ‘य’ पुस्तकात आला. मुलगा हळूच म्हणाला, ‘गुरुजी, मंग हे बी चुकलं का?’ मजपाशी उत्तर नव्हते.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली याच असोद्यास झाला. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि वावरात सुचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेविली. त्या १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली. २०१८ पासून जळगावचे विद्यापीठही त्यांचे नाव मिरवीत आहे.

म्हणून पाहुण्यांस माझी एकच विनंती आहे. असोद्यास गेल्यावर कोणाचे बोलणे सुधारू नये, आधी ते ऐकावे. मला मात्र हे फार उशिरा कळले.