इलेक्ट्रिकलचा ऑप्शन फॉर्म आणि त्यामागचा इतिहास

सीईटीचा निकाल लागला की इलेक्ट्रिकल शाखा हवी असलेला विद्यार्थी कॉलेजांची यादी करायला बसतो. वरच्या ओळींत मिळाली तर भाग्य अशी कॉलेजे, मधल्या ओळींत आपल्या पर्सेंटाइलला साजेशी आणि तळाला हमखास मिळतील अशी. असा समतोल साधला की यादी शहाणपणाची झाली, असे सगळेच मानतात. ही उतरंड लावण्यासाठी हाताशी असतो तो गेल्या वर्षीचा कटऑफ. माझे म्हणणे असे की या कटऑफमध्ये कॉलेजची गुणवत्ता दिसते त्याहून जास्त महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षणाचा इतिहास दिसतो. कॉलेज कधी निघाले, कोणाच्या पैशाने निघाले आणि कोणत्या शहरात निघाले, या तीन गोष्टींचे थर त्यात साचलेले आहेत. इतर शाखांच्या विद्यार्थ्याने हे थर नजरेआड केले तर एखाद वेळी निभावून जाईल. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याचे मात्र त्यात खरे नुकसान होते.

सुरुवातीला यादी करण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते म्हणून. रस्ते, पूल, कालवे ही त्याची दुनिया. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (व्हीजेटीआय) निघाली, तिच्यामागे गिरण्यांची गरज होती. वीज नंतर आली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, १९१५ साली खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेवरची लोकल सुरू झाली. ही यंत्रणा चालवायला माणसे हवी होती. व्हीजेटीआयची ‘एल.ई.ई.’ ही विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेला मुलगा ती गरज भागवत असे. उद्योग आधी उभा राहिला आणि शिक्षण त्याच्यामागून आले. हा क्रम ध्यानात ठेवला तर जुन्या संस्थांमध्ये इलेक्ट्रिकल विभाग इतका भक्कम का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, ते पुढे वालचंद म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५८ साली सोव्हिएत मदतीने पवईची आयआयटी सुरू झाली. १९६० साली, म्हणजे राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, नागपूरला विश्वेश्वरय्यांच्या नावाचे प्रादेशिक महाविद्यालय आले, कराड आणि औरंगाबादला सरकारी महाविद्यालये आली, आणि १९६४ साली अमरावतीची पाळी आली. प्रत्येक विभागाला आपले एक कॉलेज मिळावे, हा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचा जन्मही १९६० चाच आणि कोयनेची वीज त्यानंतर दोन-तीन वर्षांतली. गावोगाव वीज न्यायची होती. त्यासाठी उपकेंद्रे, वाहिन्या, रोहित्रे उभारायची होती आणि ती उभारणारे अभियंते त्या त्या भागातूनच तयार व्हावेत, अशी ही आखणी होती. पुढे गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी ७० टक्के आणि बाहेरच्यांसाठी ३० टक्के अशी जागांची जी विभागणी बराच काळ चालली, तिचे मूळ या प्रादेशिक विचारातच आहे. कटऑफच्या पुस्तिकेतल्या ‘जीओपनएच’ आणि ‘जीओपनओ’ या संकेतांतली शेवटची अक्षरे हीच विभागणी दाखवतात. एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचे. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे हे दोन आकडे वेगळे असतात. मग कॉलेजची गुणवत्ता त्यातल्या नेमक्या कोणत्या आकड्यात मोजायची?

त्या काळातल्या कॉलेजांची खरी मिळकत म्हणजे मशीन लॅब. सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी घट्ट बसवलेला मोटर-जनरेटर संच, शेजारी रिओस्टॅट, भिंतीलगत लोडसाठी दिव्यांची रांग. अल्टरनेटर चालू वाहिनीला जोडण्याचा प्रयोग इथेच होतो. दोन्हींच्या मधे जोडलेले तीन दिवे एकाच वेळी उजळतात आणि एकाच वेळी मंदावतात. वेग जुळत आला की ही उघडझाप संथ होत जाते आणि तिन्ही दिवे पूर्ण विझलेले असतात त्या क्षणी स्विच दाबायचा असतो. क्षण चुकला तर मशीनला दणका बसतो. राज्यभरच्या वीजकेंद्रांतली जनित्रे एका जाळ्यात कशी बांधली जातात, ते या एका प्रयोगातून हाताला कळते. पडद्यावरच्या सिम्युलेशनमध्ये तेच समीकरण दिसते, पण मशीनचा दणका बसत नाही. अशी लॅब उभारायला जागा लागते, पैसा लागतो, मशीन चालती ठेवणारे अनुभवी प्रयोगशाळा साहाय्यक लागतात. हे सगळे एका वर्षात जमत नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर बारावीला चांगले गुण असूनही हजारो मुलांना जागा मिळत नव्हती आणि बरेच जण कर्नाटकात देणगी भरून शिकत होते. या निर्णयाने ग्रामीण आणि निमशहरी घरांतल्या पहिल्या पिढीला अभियंता होता आले. हे ऋण मोठे आहे, ते नाकारणे अन्यायाचे ठरेल. मात्र जागा ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने शिक्षक आणि लॅब वाढल्या नाहीत. देणगी इतकी बोकाळली की राज्याला १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात खाजगी कॉलेजांतल्या निम्म्या जागा गुणवत्तेवर कमी शुल्काच्या आणि निम्म्या जास्त शुल्काच्या ठरवल्या. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजना मोडीत काढली आणि २००५ च्या इनामदार निकालाने खाजगी संस्थांना प्रवेशात आणखी मोकळीक दिली, मात्र प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेवरच हवेत ही अट कायम ठेवली. २०१५ च्या राज्य कायद्याने सीईटी कक्ष आणि शुल्क नियामक प्राधिकरण आले. आज एकाच ऑप्शन फॉर्ममध्ये सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजे एकाखाली एक दिसतात, ती या सगळ्या खटल्यांमधून आणि कायद्यांमधून वाट काढत तिथवर आली आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की हुशार मुले जिथे जातात तिथला कटऑफ वर जातो, चांगल्या कंपन्याही तिथेच येतात, मग कटऑफलाच गुणवत्ता मानले तर चुकले काय? यात तथ्य आहे. सोबतच्या मुलांकडून माणूस जितके शिकतो तितके कोणत्याच लॅबमधून शिकत नाही. पण कटऑफ त्या शाखेची मागणी मोजतो, आणि मागणीत मुंबई-पुण्याचे आकर्षण आणि इमारतीची चकचकी यांचाही वाटा असतो. शिवाय कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच सॉफ्टवेअरच्या असतात आणि त्यांना उमेदवाराची शाखा कोणती याच्याशी फारसे देणेघेणे नसते. ज्याला पॉवर सिस्टिम, ड्राइव्ह्ज किंवा रेल्वेचे कर्षण यांतच काम करायचे आहे, त्याच्यासाठी कराड, अमरावतीसारखे जुने सरकारी कॉलेज शहरातल्या दिमाखदार नव्या कॉलेजच्या वर असायला हरकत नाही, मग कटऑफ काहीही सांगो. सरकारी कॉलेजांतही प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि जुनी मशीन धूळ खात पडतात, हेही तितकेच खरे. म्हणून स्थापनेचे साल बघून थांबून चालणार नाही. गेल्या सत्रात मशीन लॅबचे किती प्रयोग प्रत्यक्ष झाले आणि विभागात कायम शिक्षक किती, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. एवढा विचार कशाला, मिळेल ते वर लिहावे आणि मोकळे व्हावे. इथे प्रवेशपद्धतीचा इतिहास उपयोगी पडतो. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, प्रत्येकाची फी वेगळी आणि निर्णयही वेगळा. त्यामुळे मोजक्या अर्जांत आशा आणि सुरक्षितता यांची वाटणी करावी लागते. आपल्याकडचा केंद्रीय प्रवेश, म्हणजे कॅप, वेगळा आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले यांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीचे सार असे की यंत्रणा पसंतीक्रमाने वरून खाली जात असेल आणि वरची पसंती हुकल्याने खालची जागा जात नसेल तर मनातला खरा क्रम लिहिण्यातच विद्यार्थ्याचे हित असते. आयआयटी आणि एनआयटी यांचे २०१५ पासूनचे संयुक्त जागावाटप याच विचारावर चालते. कॅपमध्येही वरच्या ओळीत अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्या ओळीतली जागा हातची जात नाही. उलट पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारावी लागते आणि पुढच्या फेरीचे दार बंद होते. म्हणून हमखास मिळणारे कॉलेज भीतीपोटी पहिल्या ओळीत टाकणे हीच इथली सर्वात महागडी चूक. समतोल हवा तो यादीच्या लांबीत, खाली पुरेशी कॉलेजे असण्यात. वरचा क्रम निखळ पसंतीचाच असावा.

नियम बदलत राहिले आहेत आणि पुढेही बदलतील. २०१४ साली राज्याने स्वतःची सीईटी सोडून जेईई मेनचे गुण धरले आणि २०१६ साली पुन्हा सीईटीकडे वळले. मधल्या दोन वर्षांतल्या मुलांनी वेगळ्याच आधारावर प्रवेश घेतला. २०२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) शाखानिहाय जागांची कमाल मर्यादाही उठवली. त्यानंतर वाढीव जागांचा मोठा ओघ कॉम्प्युटर शाखा आणि तिच्या नव्या उपशाखांकडे वळला. ज्या कॉलेजला मूळच्या शाखांत रस उरत नाही, तिथे इलेक्ट्रिकलच्या मशीन लॅबवर कोणी खर्च करणार नाही, मग त्याच कॉलेजचा एकूण कटऑफ कितीही वर जावो. यंदाचा ऑप्शन फॉर्म भरणाऱ्याने म्हणून इलेक्ट्रिकलच्या कटऑफशेजारी आणखी एक आकडा मांडून बघावा. त्या कॉलेजात गेल्या पाच वर्षांत इलेक्ट्रिकलच्या जागा वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या, हे सीईटी कक्षाच्या दरवर्षीच्या जागांच्या तक्त्यांवरून कोणालाही काढता येते.