‘लेट ऑफ स्टीम’ म्हणजे काय? अर्थ, वापर आणि मराठी पर्याय

मनात साचलेला राग किंवा ताण कुणाला इजा न करता बाहेर काढणे, हा ‘लेट ऑफ स्टीम’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ. अमेरिकेत ‘ब्लो ऑफ स्टीम’ जास्त चालतं. अर्थ तोच.

कुठून आला?
बॉयलरमधला दाब मर्यादेपलीकडे गेला की सुरक्षा झडप उघडते, जादा वाफ निघून जाते आणि बॉयलर फुटत नाही. १९व्या शतकात आगगाड्या-आगबोटींचा जमाना आला आणि हे शब्द माणसाच्या रागालाही लागू झाले. आपल्या स्वयंपाकघरात कुकरची शिटी हेच काम करते.

वापर कसा करतात?
बोलून: ‘ही इज जस्ट लेटिंग ऑफ स्टीम.’ म्हणजे, मनावर घेऊ नका, तो नुसता राग मोकळा करतोय.
काही करून: ‘आय वेन्ट फॉर अ रन टू लेट ऑफ सम स्टीम.’ म्हणजे, डोकं शांत व्हावं म्हणून धावून आलो.

मराठीत काय म्हणावं?
‘मन मोकळं करणे’, ‘राग मोकळा करणे’ हे जवळचे. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हिंदीतलं ‘भड़ास निकालना’ ओळखीचं असेल. शब्दशः भाषांतर मात्र फसवं. ‘तोंडाची वाफ दवडणे’ म्हणजे व्यर्थ बोलणे. त्यात ताण हलका झाल्याचा अर्थ नाही. ‘वड्याचं तेल वांग्यावर’ हेही वेगळं, तिथे एकाचा राग दुसऱ्यावर निघतो. आणि ‘रन आउट ऑफ स्टीम’ म्हणजे दम संपणे.

कुठे सावध राहावं?
मित्राबद्दल हे शब्द आपुलकीचे वाटतात. पण मोर्चा किंवा निवेदन घेऊन आलेल्या लोकांबद्दल एखादा अधिकारी ‘लेट देम लेट ऑफ स्टीम’ म्हणाला, तर अर्थ होतो: ओरडू द्या, आपोआप गप्प होतील. मागणीचा विचार त्यात नाही.

राजकारणातली ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ ही उपमा याच झडपेची. १८८५ साली मुंबईत स्थापन झालेली काँग्रेस ही लोकांच्या असंतोषाला वाट देण्यासाठी ह्यूम यांनी काढलेली झडप होती, अशी टीका लाला लजपत राय यांनी ‘यंग इंडिया’ या पुस्तकात केली. इतिहासकार बिपन चंद्र यांनी ती कल्पना खोडून काढली.

तेव्हा आपल्या तक्रारीबद्दल हे शब्द कानावर आले, तर ती सहानुभूती समजू नका. लेखी उत्तर मागा.