लखनौचा मुदपाकखाना आणि एका बादशहाचा मृत्यू

दूरचित्रवाणीवर पाककलेच्या स्पर्धा रंगू लागल्यापासून इंग्रजी रहस्यकथाकारांना एक नवे स्थळ सापडले आहे. भट्टीत केक फुगत आहेत, परीक्षक चमचा हाती घेऊन उभे आहेत आणि नेमका त्याच वेळी स्पर्धेच्या मंडपात कोणीतरी मरून पडतो. अशा गोष्टी वाचणारा वाचक निर्धास्त असतो. शेवटच्या प्रकरणात सर्व संशयितांना एका दालनात बसविले जाईल आणि अपराधी कोण ते सांगितले जाईल, याची त्याला खात्री असते. लखनौच्या इतिहासात स्वयंपाकाची चुरस आहे, परीक्षक आहेत, विषाचा संशय आहे आणि एक मृत्यूही आहे. शेवटचे प्रकरण तेवढे कोणी लिहिले नाही.

या चुरशीची सुरुवात फैजाबादेत झाली. नवाब शुजाउद्दौला आणि त्याची पत्नी बहू बेगम यांच्या जेवणासाठी रोज सहा निरनिराळ्या मुदपाकखान्यांतून ताटे येत. एक मुख्य सरकारी, एक लहान सरकारी, एक खुद्द बेगमेचा, एक नवाबाच्या आईचा आणि दोन बेगमेच्या भावांचे. एकाच दस्तरखानावर सहा घरांचे पदार्थ मांडले जात, म्हणजे रोजचे भोजन हीच रोजची परीक्षा. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनऊ’ या आपल्या लेखमालेत या काळची एक गोष्ट दिली आहे. लहान सरकारी मुदपाकखान्यातून आलेल्या एका पदार्थावर माशी आढळली. ‘प्रथमग्रासे मक्षिकापातः’ हे आपल्याकडे म्हणण्यापुरते असते. तेथे ते प्रत्यक्ष घडले. हे ताट कोठून आले, असे बेगमेने रागाने विचारले. खऱ्या मालकाचे नाव घेतले तर अनर्थ होईल हे ओळखून सेवकाने बेगमेच्या भावाचे, सालारजंगाचे, नाव पुढे केले. भावावर ती काय रागावणार! प्रकरण तेथेच मिटले. दरबारात दोष कोणावर ठेवावयाचा हे पुराव्यावरून ठरत नसून सोयीवरून ठरते, हा धडा एका माशीने दिला, आणि तो पुढे साठ-सत्तर वर्षांनी उपयोगी पडणार होता.

शुजाउद्दौल्याचा मुलगा आसफुद्दौला याने १७७५ मध्ये राजधानी लखनौला आणली आणि आचाऱ्यांचा मान आणखी वाढला. त्याने केवळ उडदाची डाळ करण्यासाठी पाचशे रुपये दरमहा देऊन एक आचारी ठेवला होता, असे शरर सांगतात. आचाऱ्याची एक अट होती. डाळ तयार झाल्याची वर्दी येताच नवाबाने येऊन बसले पाहिजे. एकदा तीन वेळा सांगूनही नवाब आला नाही, तेव्हा त्या मानी माणसाने डाळ एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि तो चालता झाला. झाडाला पुढे पालवी फुटली, असे कथा सांगते. पालवीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. अटीवर ठेवावयास हरकत नाही. परीक्षकानेही वेळेवर यावे, असे म्हणण्याइतकी प्रतिष्ठा त्या कलेला आली होती.

लखनौच्या पाकशास्त्रात दर्जे ठरलेले होते. भांडी घासणारे ‘देगशो’, मोठ्या देगांत रांधणारे ‘बावर्ची’ आणि त्यांच्यावर ‘रकाबदार’. रकाबदार थोडेच करी, लहान भांड्यात करी, आणि जे करी त्यात पाहणाऱ्याची फसवणूक असेल तर ते त्याला भूषण वाटे. याचा कळस वाजिद अली शाहच्या काळात झाला. दिल्लीच्या राजघराण्यातील मिर्झा आसमान कद्र हे पाहुणे आले असता त्यांना मुरंबा वाढण्यात आला. तोंडात घातला तो निघाला मांसाचा कोर्मा. शाहजादा ओशाळला, पण विसरला नाही. त्याने उलट मेजवानी दिली. शेकडो पदार्थ मांडले होते: पुलाव, कोर्मे, कबाब, रोट्या, लोणची. बादशहाने ज्याला हात लावला ते साखरेचे निघाले. भातही साखरेचा, रोटीही साखरेची, ताटवाट्यासुद्धा साखरेच्या. हे करणाऱ्या आचाऱ्याचे नाव शेख हुसेन अली. आपण आज याला खेळ म्हणू. परंतु ताटात दिसते ते खरे नाही हे जेथे कौतुकाचे मानले जाते, तेथे जेवणाऱ्याच्या मनात दुसरीही एक शंका सतत जागी असली तर नवल नाही.

ती शंका नसीरुद्दीन हैदर या बादशहाच्या मनात घर करून बसली होती. तो १८२७ मध्ये गादीवर आला. त्याचा पिता गाजीउद्दीन हैदर खाण्याच्या बाबतीत निःशंक होता. त्याचा आचारी सहा पराठ्यांना रोज तीस शेर तूप घेई. वजीर आगा मीर याने ते कमी करविले, तेव्हा बादशहाने वजिराच्याच कानशिलात दिली. तू सारे राज्य लुटतोस आणि या बिचाऱ्याचे तूप तेवढे तुला खुपते, असा त्याचा मुद्दा होता. जमाखर्च तपासण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या गोष्टीत दोन्ही पक्ष पटतील. मुलाचे मात्र वेगळे होते. आपल्याच घरातील माणसे आपल्याला विष देतील या भयाने त्याने आपला मद्याचा साठा एका इंग्रज न्हाव्याच्या हाती दिला. डेरुसेट नावाचा हा गृहस्थ बादशहाचे केस कुरळे करण्याच्या कामावरून त्याच्या खास मर्जीत चढला होता. प्रत्येक बाटली न्हाव्याच्या घरी मोहोरबंद होई, भोजनाच्या वेळी तोच मोहोर तपाशी, तीच बाटली उघडी, आणि पहिला घोट स्वतः घेई. ही माहिती विल्यम नायटन याच्या १८५५ साली निघालेल्या पुस्तकात आहे. अवध खालसा करण्याची चर्चा चालू असताना निघालेले हे पुस्तक सावधपणेच वाचले पाहिजे. बादशहा हास्यास्पद ठरला तर त्यात कोणाचा तरी लाभ होता. त्याच पुस्तकाप्रमाणे हा न्हावी बादशहाच्या मृत्यूपूर्वीच लखनौ सोडून गेला.

७ जुलै १८३७ च्या रात्री नसीरुद्दीन हैदर एकाएकी मरण पावला. वय अवघे तेहेतीस. पेयातून विष दिले गेले अशी वदंता तत्काळ पसरली आणि संशय आला तो धनिया महरी या मर्जीतल्या दासीवर. राजवाड्यातील शत्रू अनेक होते. सावत्र आई पादशाह बेगम हिच्याशी त्याचे हाडवैर जडले होते. जो मुन्ना जान त्याचा मुलगा म्हणून वाढला, त्याचे पितृत्व त्याने जाहीरपणे नाकारले होते. रहस्यकथेचा लेखक येथे सुखावला असता. इतके संशयित, इतके हेतू!

परंतु त्या रात्री जो अधिकारी वाड्यात आला, तो चौकशीसाठी आलेला नव्हता. रेसिडेंट कर्नल जॉन लो हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नसावे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीच्या वाटाघाटीत हा होता, आणि पुढे बिठूरला पेशव्यावर देखरेख ठेवणारा कमिशनरही हाच. त्याच्यापुढे प्रश्न वारसाचा होता. मृताचा चुलता मुहम्मद अली शाह याला गादी द्यावयाचे ठरले. आणि गादीवर बसण्यापूर्वी त्याच्याकडून एक कागद लिहून घेण्यात आला: कंपनी जो नवा तह पुढे ठेवील तो मान्य असेल. बादशहाच्या मृत्यूचे कारण शोधण्यापेक्षा हा कागद निकडीचा मानला गेला, हे मला त्या रात्रीतील सर्वांत बोलके कृत्य वाटते.

तेवढ्यात पादशाह बेगम सशस्त्र जमाव घेऊन वाड्यात घुसली आणि तिने लाल बारादरीतील सिंहासनावर मुन्ना जानला बसविले. लो याने मुदत दिली, ती संपताच तोफा डागल्या. दरबारात प्रेते पडली. बेगम आणि मुन्ना जान यांची रवानगी चुनारच्या किल्ल्यात झाली. या गोंधळात विषाचा प्रश्न मागे पडला तो पडलाच. धनिया महरीच्या नावाने ओळखला जाणारा पूल लखनौत आहे. तिच्यावरचा आरोप कोणत्याही न्यायासनापुढे सिद्ध झाला नाही, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदली पाहिजे.

कागदाचे मात्र पुढे बरेच झाले. त्याच्या आधारे ११ सप्टेंबर १८३७ रोजी तह झाला. राज्यकारभार फारच बिघडला तर कंपनीने आपले अधिकारी नेमावे, पण शिल्लक महसूल बादशहाच्या खजिन्यात भरावा, असे त्यात होते. लंडनच्या संचालकांनी हा तह नामंजूर केला. ऑकलंडने बादशहाला कळविले ते इतकेच की, सैन्याच्या खर्चाचे कलम माफ झाले आहे. मुरंबा म्हणून कोर्मा वाढावा तसाच हा प्रकार, आणि तो दरबारातल्या रकाबदारांनी केलेला नव्हता. १८५६ मध्ये वाजिद अली शाहच्या बाजूने या तहाचा आधार घेतला गेला, तेव्हा तो तह अस्तित्वातच नाही असे सांगण्यात आले. ४ फेब्रुवारीला बादशहाने नव्या तहावर सही करण्याचे नाकारले आणि आपली पगडी उतरवून रेसिडेंट औट्रमच्या हाती दिली. ७ फेब्रुवारीला राज्य खालसा झाले. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात या खालशाला अनुकूल मत देणाऱ्यांत जॉन लो होता. दोन वर्षांपूर्वी नागपूरचे राज्य खालसा करण्यास मात्र याच लोने विरोध नोंदविला होता. माणूस उघड्या शब्दांत सांगता येईल इतका सरळ क्वचितच असतो.

बादशहाबरोबर काही आचारी कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेले. लहानपणी तेथेच वाढलेल्या शररांनी म्हाताऱ्यांच्या तोंडून या गोष्टी ऐकल्या. खाणाऱ्यांच्या आणि रांधणाऱ्यांच्या आठवणी सांगताना वाढत जातात, हे ध्यानात ठेवूनच त्या घ्यावयाच्या. लखनौत मागे राहिले ते चौकातले नानबाई, म्हणजे तंदूरवर रोट्या भाजणारे. नसीरुद्दीन हैदरच्याच कारकिर्दीत बाहेरगावाहून आलेल्या महमूदू नावाच्या एका नानबायाने फिरंगी महालात दुकान घातले होते. त्याची निहारी खाण्यासाठी अमीर-उमराव येत, आणि तिच्याबरोबर खाण्यासाठी त्याने शीरमाल काढली: दूध-तुपात मळलेली, तंदूरमध्ये भाजलेली, वरून केशराचे दूध शिंपडलेली रोटी. बादशहाच्या ताटावर मोहोरा लागत होत्या त्याच वर्षांत ही रोटी उघड्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत भाजली जात होती. लखनौच्या चौकात ती आजही तशीच भाजतात.