संगणकशास्त्र : कला-विज्ञान महाविद्यालयाची वाट

बारावीनंतर संगणकाचे शिक्षण म्हणजे अभियांत्रिकी, हे समीकरण मराठी घरांत पक्के रुजले आहे. अभियांत्रिकीचा प्रवेश हुकला की संगणकाची वाटही बंद झाली, असे अनेक पालक समजतात. वस्तुस्थिती तशी नाही. संगणकशास्त्राचा पाया गणित आणि तर्कशास्त्र यांत आहे, आणि या दोन्ही विषयांचे जुने घर म्हणजे कला व विज्ञान महाविद्यालय. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावातील विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न निव्वळ आवडीचा नाही. ऊसतोडणीसाठी दरवर्षी हजारो कुटुंबे स्थलांतर करतात त्या जिल्ह्यात, शहरातील शिक्षणाचा खर्च पेलायचा की जवळच्या महाविद्यालयात पदवी घ्यायची, हा निर्णय साऱ्या घराचा असतो.

दोन भिन्न विषय

संगणकशास्त्र व माहिती प्रणाली हे विषय बहुधा एकत्र उच्चारले जातात. मात्र ते एक नव्हेत. आकडेमोडीची रीत, तिला लागणारा वेळ, विदेची रचना यांचा विचार संगणकशास्त्र करते. माहिती प्रणाली हा विषय संस्था, माणसे आणि त्यांचे व्यवहार यांपासून सुरू होतो. महाराष्ट्रात २०१८ पासून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी ही त्याची उत्तम उदाहरणे होत. अशी प्रणाली उभारणाऱ्याला संगणकाची भाषा जितकी यावी लागते, तितकीच जमिनीची नोंद, तलाठ्याचे काम आणि शेतकऱ्याची अडचणही कळावी लागते. पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ घ्या. विमा कंपनीवरील भरपाईचा भार हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवणारा आणि भरपाई कमी झाल्यास कंपनीचा वाटा २० टक्क्यांवर रोखणारा हा नियम समजण्यास अर्थशास्त्र लागते. तो संगणकात उतरवण्यास संगणकशास्त्र.

परंपरा आणि रचना

एकाच पदवीत विज्ञान, मानव्यविद्या व समाजशास्त्रे शिकवणाऱ्या ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालयांची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. तेथील लहान महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९८४ मध्ये संघटित होऊन १९८६ मध्ये आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. मोजके विषय, पक्की तत्त्वे आणि भक्कम गणित हे त्याचे सूत्र होते. आज बाजारात चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा उद्या मागे पडते. तत्त्वे मात्र टिकतात, हा त्यामागील विचार.

महाराष्ट्रात पुण्याचे फ्लेम विद्यापीठ अशा धर्तीचे शिक्षण देते. पण खासगी विद्यापीठांचे शुल्क सर्वांना परवडणारे नसते. सर्वसामान्यांच्या आवाक्यातील पर्याय म्हणजे ‘कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय’. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी (संगणकशास्त्र) अभ्यासक्रमात गणित, संख्याशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स यांची जोड दीर्घकाळ राहिली आहे. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत.

या महाविद्यालयांत तिन्ही शाखा एका आवारात असूनही त्यांच्यातील भिंती उंच होत्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात लागू झालेल्या रचनेत मुख्य विषयासोबत दुय्यम विषय आणि अन्य विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय घ्यावा लागतो. तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षानंतर ‘ऑनर्स’ पदवी अशी सोय आहे. संगणकाच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र किंवा भाषाविज्ञान शिकण्याची दारे त्यामुळे उघडली. प्रत्यक्षात कोणते विषय मिळतील, हे मात्र त्या महाविद्यालयातील अध्यापकसंख्येवर अवलंबून असते.

प्रवेशापूर्वी

बीएस्सी (संगणकशास्त्र) आणि बीसीए यांतील फरक जाणून घ्यावा. पहिला अभ्यासक्रम विज्ञानाकडे, दुसरा उपयोजनाकडे झुकतो. बीसीए २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले असून, त्याच वर्षापासून राज्यात त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षाही घेतली जाऊ लागली. परिषदेची मान्यता न घेता नाव बदलून चालवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांबाबत पदवीचे नेमके नाव व विद्यापीठाची संलग्नता तपासणे हिताचे. एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम संगणकसाक्षरता देतो. तो पदवीला पर्याय नव्हे.

बारावीत गणित सोडण्याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. दोन वर्षांच्या एमसीएसाठी बारावी अथवा पदवी स्तरावर गणित असणे महत्त्वाचे ठरते. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आयआयटी मद्रासने २०२१ पासून विदाविज्ञानाचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला आहे. दहावीला गणित व इंग्रजी असलेला, कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण विद्यार्थी पात्रता फेरी पार करून त्यात प्रवेश घेऊ शकतो. गावात राहून तो करता येतो. मात्र परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

महाविद्यालय पाहताना इमारतीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : पूर्णवेळ अध्यापक किती, प्रयोगशाळा तासाव्यतिरिक्त उघडी राहते काय आणि अंतिम वर्षाचे प्रकल्प विद्यार्थी स्वतः करतात काय. ही उत्तरे समाधानकारक असतील, तर तालुक्याच्या ठिकाणची पदवीही पुढच्या शिक्षणाचा भक्कम पाया ठरू शकते.