वाशिंदला थांबलेला मोर्चा

दिंडोरीहून मुंबईला गाडीने जायला चार-पाच तास पुरतात. मार्च 2023 मध्ये हजारो शेतकरी दिंडोरीतून हाच रस्ता पायी चालायला निघाले. विधानभवन गाठायचं ठरलं होतं, पण ते वाशिंदला थांबले आणि तिथूनच परतले. वाशिंद म्हणजे कसारा लोकलच्या मार्गावरचं स्टेशन. तिथून सीएसएमटी साधारण 80 किलोमीटर आहे.

मुंबई न गाठताच परतले, म्हणजे मोर्चा फसला का? याचं उत्तर शोधायला पाच वर्षं मागे जावं लागतं.

6 मार्च 2018 रोजी अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. मुंबई सुमारे 180 किलोमीटर दूर होती. सहा दिवसांत पोचायचं, म्हणजे रोज सरासरी 30 किलोमीटर, तेही मार्चच्या उन्हात डांबरावरून. चालणाऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. त्यांची मुख्य मागणी 2006 च्या वनहक्क कायद्याची होती: पिढ्यान् पिढ्या कसत असलेली वनजमीन नावावर करा.

पहिले दोन-तीन दिवस बाहेरच्या जगाला या मोर्चाची फारशी खबर नव्हती. इगतपुरीजवळ घाटनदेवी, मग कसारा घाटाचा उतार. घाटातली वळणं लाल टोप्यांनी आणि झेंड्यांनी भरलेली, असे फोटो फोनवर फिरू लागले तेव्हा शहरातल्या लोकांचं लक्ष गेलं. पुढे भिवंडीजवळ सोनाळे, ठाणे, आणि 11 मार्चला मुंबईत सोमय्या मैदान. प्रत्येक मुक्कामाबरोबर संख्या वाढत होती, कॅमेरे वाढत होते आणि मंत्र्यांचे निरोपही वाढत होते.

पायी मोर्चाची ताकद इथे आहे. रेल्वेने आलेला मोर्चा एका सकाळी उगवतो आणि संध्याकाळी मावळतो. चालत येणारा मोर्चा सरकारला रोज एक नोटीस देतो: काल 120 किलोमीटरवर होतो, आज 90 वर आहोत. उरलेलं अंतर हीच वाटाघाटीची मुदत.

वारीत मुक्काम ठरलेले असतात आणि पोचण्याची तिथीही ठरलेली असते. मोर्चाचा शेवट मात्र वाटेत काय घडतं त्यावर अवलंबून असतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, तेव्हा पोलिसांनी तो खडकपूर्णा नदीपाशी अडवला. नामविस्तार व्हायला 1994 उजाडलं.

2018 चा मोर्चा मात्र शहरात आला. दहावीची परीक्षा सुरू होती. सकाळी निघालो तर मुलं रस्त्यात अडकतील म्हणून दिवसभर चालून आलेली माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोचली. मुंबईकरांनी पाणी, खाणं, चपला आणून दिल्या. फोड आलेले, सोललेले पाय साऱ्या देशाने पाहिले. 12 मार्चला सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं आश्वासन होतं.

एका वर्षाच्या आत, फेब्रुवारी 2019 मध्ये, तीच माणसं पुन्हा नाशिकहून निघाली. या वेळी शहराबाहेर थोड्या अंतरावरच मंत्री आले आणि लेखी आश्वासनावर मोर्चा मागे घेतला गेला. मोर्चा जवळ येण्याआधीच गाठायचा, हे सरकार शिकलं होतं.

म्हणून 2023 चं वाशिंद महत्त्वाचं. आरंभासाठी दिंडोरी निवडण्यातही अर्थ आहे. तालुक्याच्या एका अंगाला द्राक्षं, टोमॅटो, कांदा पिकवणारा शेतकरी. दुसऱ्या अंगाला डोंगरातला आदिवासी. त्या महिन्यात कांद्याचे भाव कोसळले होते, आणि वनजमिनीचा प्रश्न होताच. दोघांच्या मागण्या एका यादीत आल्या. माजी आमदार जे. पी. गावित मोर्चाच्या पुढे होते. वाटेत मंत्री भेटायला आले, मग शिष्टमंडळाची मुख्यमंत्र्यांशी बैठक झाली, कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर झालं.

तरीही लोक लगेच उठले नाहीत. घोषणा झाली, पण आदेश खालपर्यंत पोचल्याचं दिसल्याशिवाय हलायचं नाही, असं म्हणत ते वाशिंदच्या मैदानात बसून राहिले. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड लिहून झाला म्हणजे काम झालं, असं मानत नाही. तो सर्व्हरवर चालताना दिसावा लागतो. शेतकरीही 2018 आणि 2019 मधून तेच शिकले होते. मुंबई एवढी जवळ होती की सरकारला दुर्लक्ष परवडणार नव्हतं. त्या मुक्कामात एका वयस्कर शेतकऱ्याचा मृत्यू झाला. 18 मार्चला मोर्चा मागे घेतला गेला.

या थांबण्याची किंमतही होती. 2018 मध्ये मुंबईने ते पाय पाहिले होते. 2023 मध्ये पाहिले नाहीत. न पाहिलेली गोष्ट शहर लवकर विसरतं, आणि शहर विसरलं की फाईलही मंदावते. वनजमिनीचा मुद्दा 2018, 2019 आणि 2023 या तिन्ही वेळच्या यादीत होता. चालणाऱ्यांना वाट, घाट आणि मुक्काम आता पाठ आहेत. मोर्चा जिंकला की फसला, हे वाशिंदला ठरलंच नाही. ते ठरतं तहसील कचेरीत, जमिनीच्या कागदावर कसणाऱ्याचं नाव चढतं तेव्हा.